हा आत कसा शिरला?

मेहकरात माझे जे घरमालक होते, ज्यांना सगळे सर म्हणत, ते चित्रातल्या कुठल्याही बाईवर विश्वास ठेवत नसत. बाईवर नव्हे, असं ते स्वतःच लगेच दुरुस्त करत, काढणाऱ्यावर. साडीच्या दुकानाबाहेरची पुठ्ठ्याची नटी असो, तेलाच्या डब्यावरची हसरी गृहिणी असो, नाहीतर मंगल कार्यालयाच्या भिंतीवरची घागर घेतलेली पोर असो, सर तिच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. चष्मा कपाळावर चढवत आणि पोलीस पंचनामा करतात तसे निरखून बघत. मग शेजारी जो कोणी असेल त्याला विचारत, "हे बाई कोन आहे? कोनाच्या घरची? आन हा काढनारा तिच्यापाशी पोचला कसा?"

एकदा त्या घागरवाल्या पोरीबद्दल मला म्हणाले, "घागर रिकामी आहे डॉक्टरबाई. भरलेली घागर असली का मान अशी राहत नाही. ह्यानं बाई पायलीच नाही. दुसऱ्याचं चित्र पायलं."

ते एका हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. मी सांगलीकडची, पशुवैद्यक म्हणून पहिली नेमणूक मेहकरला झालेली. एकट्या मुलीला खोली द्यायला लोक कां-कूं करत होते. सरांनी दिली. वरची खोली, बाहेरून स्वतंत्र जिना, आतून दोन कड्या. द्यायच्या आधी त्यांनी मला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि चौकशी केली. गाव, शिक्षण, जेवणाची सोय हे झालंच. पण मधेच विचारलं, "तुम्ही फोटो काढता काय?"

"मोबाईलवर काढते कधीतरी."

"कोनाचे?"

"गाईम्हशींचे. जखमेचे, कासेचे. कामासाठी लागतात."

त्यांनी मान हलवली. "बरं हाय. म्हैस फोटोसाठी तोंड करत नाही."

त्यांचा स्वतःच्या फोटोवरही भरवसा नव्हता. आधार कार्ड दाखवायची वेळ आली की कार्ड पुढे करून म्हणत, "हा मी नव्हे, पन नंबर माहा आहे." बँकेतला माणूस हसायचा. सर हसत नसत.

खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती. तिला दोन कुलपं. बाहेर जाताना सर दोन्ही कुलपं तीनदा ओढून बघत, फाटकापर्यंत जात, परत येऊन चौथ्यांदा ओढत. आत काय आहे असं मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाले, "जुनं सामान." जुन्या सामानाला कोणी असं जपत नाही, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. वरच्या खिडकीच्या खालच्या तावदानांना मी वर्तमानपत्र चिकटवलं. सरांनी ते पाहिलं, पण काढायला सांगितलं नाही. उलट त्यांना ते पटल्यासारखं दिसलं, आणि त्यामुळे मी आणखीच सावध झाले.

मार्चमधली एक दुपार. मी दवाखान्यातून लवकर आले होते. सर अंगणात लिंबाखाली एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. अकोल्याच्या एका रद्दीवाल्याकडून आणलेलं. "या, बसा. तुमाले एक लबाडी दाखवतो," म्हणाले.

युरोपातल्या चित्रकारांनी काढलेली पूर्वेकडची चित्रं होती ती. तुर्कस्तान, इजिप्त, कुठला कुठला मोरोक्को. पानामागून पान जनानखाने. संगमरवरी हौद, त्याच्या काठावर बायका, बहुतेकींच्या अंगावर काही नाही. कोणी लोडाला टेकलेली, कोणी हुक्का ओढणारी, एक काळी दासी पंखा घेऊन उभी. मी चोवीस-पंचवीस वर्षांची, घरात दुसरं कोणी नाही, आणि सत्तरीला आलेला एक माणूस हातात भिंग देऊन म्हणतो आहे, नीट पाहा. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

"घाबरू नका," ते म्हणाले. "बायांकडं नका पाहू. काढनाऱ्याकडं पाहा."

"तो कुठे आहे चित्रात?"

"तेच तं. हा आत कसा शिरला?" त्यांनी पानावर बोट आपटलं. "ह्या जनानखान्यात परक्या मरदाले पाय ठेवू देत नव्हते. दाराशी पहारा असे. मंग ह्यानं हे पायलं कवा? पायलंच नाही. आपल्या गावात पॅरिसात बसला. तिथलीच एक गरजू पोरगी आनली, दिवसभर बसवली. बाजारातून गालिचा आनला, हुक्का आनला, तांब्याची सुरई आनली. आन खाली लिहून टाकलं, का पूर्वेकडची बाई अशी राहते. सारं जग म्हने, अस्सं हाय काय."

पानांच्या कडांना त्यांनी बारीक पेन्सिलीनं शेरे लिहिले होते, मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे. "हुक्का विझलेला." "आठ बायका, लेकरू एकही नाही." "हौदात पाणी कोणी भरलं?" "हिचे तळपाय पाहा, ही जमिनीवर चाललेलीच नाही." एका दासीच्या चित्राखाली फक्त, "हिला वारा कोण घालतं?"

मला ते शेरे आवडले, खोटं कशाला बोलू. आजही मी एखाद्या हॉटेलात असलं चित्र पाहिलं की हौद कोणी भरला हे आधी मनात येतं. पण त्या दुपारी दुसरंही एक मनात आलं. इतक्या बारीक चुका सापडायला चित्राकडे किती वेळ बघत बसावं लागतं? आणि हा माणूस किती वर्षं बघत बसला आहे?

माझे आईबाबा सांगलीहून शेगावला दर्शनाला आले तेव्हा सर आपणहून बरोबर आले. ओळखीच्या लॉजवर खोली सांगितली होती त्यांनी. लॉजमध्ये शिरलो तर काउंटरच्या मागे भिंतभर एक छापील चित्र, सोनेरी चौकटीत. हौद, कबुतरं, आठ-दहा बायका, झिरझिरीत कपडे. मी आईबाबांच्या आणि चित्राच्या मधे उभी राहिले. सर काउंटरपाशी गेले. हात मागे. चष्मा कपाळावर.

"हे कोनाचं घर आहे?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

मॅनेजर रजिस्टर भरत होता. "घर नाही सर, सीनरी हाय. मालकानं आनली."

"इतक्या बाया आन एकीच्याही हातात काम नाही. कुठं कपडा वाळत नाही. हे घर असू शकत नाही. हे खोटं आहे."

आमच्यामागे एक कुटुंब खोलीसाठी उभं होतं. त्यातले टोपीवाले आजोबा पुढे झाले. "बरोबर बोलून राह्यले हे. देवाच्या गावात असं उघडंवाघडं लावत असतात काय?" आणखी दोघांनी माना डोलावल्या. मॅनेजर बिचारा गडबडला. आतून एक पांढरी चादर आणून त्यानं चौकटीवर टाकली.

सर भडकले. मी त्यांना तेवढं रागावलेलं फक्त तेव्हाच पाहिलं. "चादर काढा."

"तुमीच तं म्हटलं ना सर."

"म्या उघडं म्हटलं नाही. म्या खोटं म्हटलं. झाकल्यानं खोटं खरं होते काय?"

"मंग ठेवू का काढू, ते सांगा ना."

"ठेवा. खाली एक चिठ्ठी लावा, का हे पाहून काढलेलं नाही."

टोपीवाले आजोबा आता सरांकडेच संशयानं बघायला लागले. चादर तशीच राहिली. रात्रीच्या जेवणानंतर बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस ठीक आहे ना गं? तू एकटी राहतेस त्याच्या घरात." मी ठीक आहे म्हणाले. तसं म्हणताना माझी खात्री नव्हती.

खात्री आणखी कमी झाली ती दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरमुळे. ते मेहकरचेच, वयानं मोठे, जनावराचं पाऊल वाजलं की कोणाचं ते सांगणारे. मी कुठे राहते हे त्यांना माहीत होतंच. एकदा बैलाच्या खांद्याची जखम धुताना ते खाली बघतच म्हणाले, "म्याडम, दुसरी खोली भेटली तं पाहा."

"का हो?"

"काही नाही. त्यायची मांगं एक भानगड झाली होती. क्यालेंडरची. शेतकऱ्याच्या घरची बाई होती. शाळेच्या कमिटीनं बोलावलं होतं त्यायले."

"काय झालं होतं?"

"मले काय मालूम," ते म्हणाले, आणि त्यांना सगळं माहीत होतं.

त्यानंतर मी सरांवर नजर ठेवायला लागले. बाजाराच्या दिवशी ते भाजीवाल्या बायकांच्या ओळीच्या टोकाला उभे राहतात, हे मी जीपमधून जाता-येता पाहिलं. हातात पिशवी असायची, पण ती रिकामी. एकेका बाईचा चेहरा बघत ओळ संपवायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. खिशात एक छोटी वही. बायका पदर सावरून बसायच्या. एकीला मी शेजारणीला म्हणताना ऐकलं, "आला पाहा तो म्हातारा."

मग तो रविवार आला. थंडीचे दिवस होते, न्हाऊन मी गच्चीत उन्हाला केस वाळवत बसले होते. दुपारी भाड्याची पावती घ्यायला खाली गेले. सर आत पाणी आणायला गेलेले. टेबलावर ती छोटी वही पालथी होती. मी ती उलटली. पहिल्या पानांवर बाजारातले हात, भाजीच्या जुड्या, तराजू. आणि शेवटच्या पानावर मी. पाठमोरी, एका बाजूला घेतलेले ओले केस, खांद्यावरचा टॉवेल. अंगणातून, खालून वर बघून काढलेलं. पेन्सिलीच्या पंधरा-वीस रेघा असतील, पण मी मला ओळखलं. कोणीही ओळखलं असतं.

सर पाण्याचा तांब्या घेऊन आले. मी पान त्यांच्यापुढे धरलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर रडायला आलं असतं.

"ही बाई कोण आहे सर?"

त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला.

"कोणाच्या घरची? हिला विचारलं होतं का?"

"नाही," ते म्हणाले. मग, "हात गेला."

"हात आपोआप जात नाही."

"नाही जात," त्यांनी कबूल केलं. वहीतून ते पान फाडून माझ्या हातात दिलं. मी ते तिथंच चार तुकडे करून टेबलावर ठेवलं आणि महिनाअखेर खोली सोडते म्हणून सांगितलं. ते भिंतीवरच्या किल्ल्या काढून मागच्या खोलीकडे गेले, दोन्ही कुलपं उघडली आणि दार सताड उघडं ठेवून बाजूला झाले. "तुम्ही दारातच उभ्या राहा. मी आतून सांगतो."

खोलीत मोडकी इझल, वाळलेल्या रंगांच्या नळ्या, आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एकच मोठं तैलचित्र. त्यांनी ते फिरवलं. शेताचा बांध, मागे विहीर, आणि एक तरुण बाई. कमरेवर घागर, उजव्या खांद्यावरून पदर ओघळलेला, त्या उघड्या खांद्यावर सगळ्या चित्रातला उजेड. चित्र सुंदर होतं. तेच मला जास्त लागलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पंचवीसेक वर्षांपूर्वी ते रविवारी कागद-बोर्ड घेऊन खेड्यांतून हिंडत. लोणार रस्त्यावरच्या एका गावात विहीर काढायला बसले होते. वावरात एक बाई मेथी खुडत होती. त्यांनी विचारलं, चित्र काढू काय? ती म्हणाली, "विहीर काढा, पन मले नका काढू." त्यांनी हो म्हटलं आणि बोर्डाच्या आड तिचा चेहरा उतरवून घेतला. घरी येऊन तैलरंगात चित्र केलं. मेथी काही शोभेना, म्हणून तिच्या कमरेवर घागर दिली. खांदा झाकलेला होता, तो उघडा केला.

"काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"तिथं उजेड पाहिजे होता."

चित्राला प्रदर्शनात बक्षीस मिळालं. मेहकरातल्या एका बियाण्याच्या दुकानदारानं ते कॅलेंडरवर छापायला मागितलं. सर हुरळून गेले, दिलं. कॅलेंडर गावोगाव गेलं. तिच्या गावातही गेलं. तिच्याच घरात, खुंटीवर. ती बाई तोवर दर आठवड्याला आपल्या वावरातली भाजी घेऊन मेहकरच्या बाजारात बसायची. त्या हंगामापासून ती बाजारात आली नाही. नवऱ्यानं बंद केलं, असं सरांच्या कानावर आलं. लोक म्हणत होते, मास्तरसमोर अशी बसली कशी?

"शाळेच्या कमिटीनं मले बोलावलं," सर म्हणाले. "विचारलं, हे बाई कोन? नोकरीचा प्रश्न होता. म्या म्हटलं, कोनीच नाही. मनानं काढली." त्यांनी चित्र परत भिंतीकडे वळवलं. "चेहरा कोनाचाच नाही म्हटलं ना डॉक्टरबाई, तं मंग खांदा तिचा नाही हे म्हनताच आलं नाही. एक खोटं बोललो, तं खरं बोलायची जागाच राह्यली नाही."

तिच्या गावात जायची हिंमत नव्हती, म्हणून बाजारात ते तिला शोधत होते. इतकी वर्षं. दिसली तर काय करणार होते, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी जिना चढून वर आले. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. सापडलेला माणूस चांगली गोष्ट सांगतोच. आणि खरी असली तरी ह्या गोष्टीनं माझं पान कसं पुसलं जाणार होतं? इतकं सगळं भोगून, जगभरच्या चित्रकारांना जाब विचारून, ह्या माणसाचा हात पुन्हा तिथंच गेला होता.

ते गाव माझ्याच दवाखान्याच्या हद्दीत होतं, तिथून बोलावणं कधीतरी येणारच होतं. पंधरा दिवसांत आलं. म्हैस व्यालेली, पण वार पोटातच अडकलेली. गेले. गोठ्यात म्हशीचं डोकं धरून एक पन्नाशीची बाई उभी होती, उंच, कपाळावर मोठं कुंकू. कोपरापर्यंत हात आत घालून माझं काम चाललेलं, आणि ती म्हशीला चुचकारत मला विचारत होती, कुठल्या, कोणाच्या, मेहकरात कोठे राहता. मी घराची खूण सांगितली.

तिचा हात म्हशीच्या मानेवर थांबला. "मास्तर जिवंत हायेत?"

"आहेत."

मी वार सोडवून बाहेर काढली, हात धुतले. पाणी तिनंच घातलं. घालता घालता म्हणाली, "माह्या हातात मेथी होती. घागर नव्हती."

मी तिच्याकडे पाहिलं. गोष्ट खरी होती तर.

"बाई, माहं एक काम करा," ती म्हणाली. "त्यायले म्हना, घरी येऊन सांगा."

"काय सांगायचं?"

"त्यायले मालूम हाय काय सांगायचं. मले सांगून काय फायदा? मले तं माहीतच हाय. घरात सांगा म्हना. माह्या मालकासमोर."

मी तो निरोप शब्दशः दिला. सर गेले नाहीत. एका रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता, पुढच्या रविवारी पुण्याहून मुलाचा फोन यायचा होता, तिसऱ्या रविवारी बसचा भरवसा नव्हता. मी रोज सकाळी जिना उतरताना एकच विचारायची, "कधी?" मला ह्या माणसाला माफ करायचं नव्हतं, पण सोडायचंही नव्हतं. खोली रिकामी करायची तारीख येऊन गेली, ते आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. चौथ्या रविवारी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून फाटकाशी उभे होते. "तुम्ही येता काय? नाही तं मी फाट्यावरूनच माघारी येईन."

बसमध्ये ते तिकिटाची घडी घालून परत उलगडत होते, फाटा येईपर्यंत.

घर साधं, ओसरीवर बाज. बाजेवर तिचा नवरा बसला होता, साठीचा, वाळका माणूस, टोपी गुडघ्यावर. सून पाणी देऊन आत गेली. ती स्वतः दाराच्या चौकटीत चहाचं ताट घेऊन उभी राहिली, खाली ठेवलं नाही. सर खुर्चीवर टेकले आणि लगेच उठले. उभ्यानंच बोलले.

"पाटील, ते कॅलेंडरवरचं चित्र म्या काढलं होतं. चेहरा ह्यायचा होता. ह्यायनं नका काढू म्हटलं होतं, तरी चोरून काढला. घागर, पदर, खांदा, हे सारं म्या घरी बसून मनानं काढलं. हे माह्यासमोर कधीच बसल्या नाहीत. तवाच सांगायले पाहिजे होतं. भ्यालो."

तिचा नवरा बराच वेळ गुडघ्यावरच्या टोपीशी चाळा करत राहिला. मला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

सर मागे सरकून भिंतीला टेकले.

"तुमच्या चित्रातला खांदा साफ होता मास्तर. तिच्या त्या खांद्यावर भाजल्याचा डाग हाय. लहानपनी चुलीवर पडली होती. हा असा, तळहाताएवढा." त्यानं आपला हात उघडून दाखवला. "कॅलेंडर हातात घेतलं तवाच समजलं, का हे तिचं आंग नाही."

"समजलं होतं?" दारातून ती म्हणाली. ताटातल्या कपांचा आवाज झाला.

"हाव."

"मंग बाजार काऊन बंद केला?"

"गाव बोलून राह्यलं होतं. गावाले काय सांगू? बायकोच्या खांद्यावर डाग हाय, तो चित्रात नाही, असं चावडीवर सांगू? ते तं चित्राहून वाईट." तो अजूनही आमच्याकडे बघत नव्हता. "मंग तसंच राहून गेलं."

तिनं ताट खाली ठेवलं. हळूच, एकही कप न सांडता.

"गावाले नको, पन मले तं सांगायचं," ती म्हणाली. "पंचवीस वर्सं मी समजत राह्यली, का तुमाले माह्यावर शक हाय. तुमी ओसरीत बसले का मी आत जात होती. तुमी आत आले का मी गोठ्यात. मले तं सांगायचं होतं."

त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. सर भिंतीला टेकून उभे होते. ज्याची भीती त्यांनी इतकी वर्षं बाळगली होती ते त्यांच्या हातून निसटून भलतीकडेच गेलं होतं. आपल्या एका चित्रानं काय काय झालं हे ते जाणत होते असं त्यांना वाटत होतं. अर्धंही जाणत नव्हते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल संशय वाटला नाही. दया वाटली असंही नाही.

तिनं चहा दिला. नवऱ्याला आधी, मग आम्हाला. आम्ही प्यालो. निघताना तिनं सरांना थांबवलं.

"मास्तर, ते चित्र हाय अजून?"

"हाय."

"पुढच्या रविवारी आना."

"जाळायचं असंल तं मीच जाळतो."

"जाळायचं नाही. लावायचं. इथं, ओसरीत." तिनं बाजेच्या समोरची भिंत दाखवली. "येनारे-जानारे पायतीन. कोनी विचारलं, हे तुमीच काय, तं मी काही बोलनार नाही." तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "हे सांगतीन. डागासहित सांगतीन."

नवरा मान खाली घालून बसला होता. नको म्हणाला नाही.

मी सरांच्या घरात पुढे दीड वर्ष राहिले, बदली होईपर्यंत. खिडकीचं वर्तमानपत्र मी कधी काढलं नाही. जुनं झालं की नवं चिकटवायची. सरांनी माझं चित्र पुन्हा काढलं नसावं. मी वही तपासली नाही, पण त्यांनी ती टेबलावर उघडी ठेवायला सुरुवात केली होती. आता ते नाहीत. मुलानं घर विकलं असं ड्रेसरनी फोनवर सांगितलं.

त्या पुढच्या रविवारी ते चित्र घेऊन आम्ही गेलो होतो. जुन्या चादरीत गुंडाळून, बसच्या मागच्या सीटवर उभं धरून. ओसरीवर दोघं वाट बघत होते. तिनं हातोडी आणि खिळे काढून ठेवले होते. सरांनी हात पुढे केला, पण तिनं हातोडी नवऱ्याकडे दिली. पहिला खिळा वाकडा गेला. तिनं दुसरा दिला.